जुन्या कंबरदुखीत ट्रॅमाडॉल: वाढवायची, बदलायची की उतरवायची?

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यात नव्याने दवाखाना सुरू केलेल्या एका एमबीबीएस डॉक्टरांकडे ५४ वर्षांचा शेतमजूर येतो. उमेदीची सगळी वर्षं केळीचे घड वाहण्यात गेलेली. कंबर आणि डावा पाय तीन वर्षांपासून दुखतो. वर्षभरापूर्वी कोणीतरी ट्रॅमाडॉल (ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक) आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिवसाला दोन अशी चालू केली, आता तो सहा घेतो. झोपेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली अल्प्राझोलॅम ०.५ मिग्रॅ आहे. फारच दुखलं की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. या गोळीने भागत नाही, नात्यातल्या कोणाला जळगावला कातडीवर चिकटवायचा पॅच दिलाय, तोच मला द्या, असा त्याचा हट्ट. डॉक्टर विचारतात, मात्रा वाढवू, टॅपेंटाडॉल (दुसरं ओपिऑइड) देऊ की फेंटॅनिल या जास्त जोरकस ओपिऑइडचा पॅच लावू?

माझं उत्तर: आज तिन्हीपैकी काहीच नको. आणि आजच गोळी बंदही करू नका. रुग्ण मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याची किडनी, दारू, मनाची अवस्था आणि पायातली ताकद यांवर पुढचं बरंच अवलंबून राहील. पण विचार कोणत्या क्रमाने करायचा ते सांगता येतं.

आधी तो किती औषध घेतोय ते कागदावर मांडा. नेहमीच्या गोळीत ३७.५ मिग्रॅ ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल असतं. सहा गोळ्या म्हणजे २२५ मिग्रॅ ट्रॅमाडॉल आणि १९५० मिग्रॅ पॅरासिटामॉल. ट्रॅमाडॉलची कमाल मात्रा दिवसाला ४०० मिग्रॅ (पंच्याहत्तरीनंतर ३००), म्हणून अजून जागा आहे असं वाटतं आणि तिथेच घसरायला होतं. दोनाच्या सहा झाल्या, तरी तक्रार तीच आहे. आठ केल्या तर महिनाभर बरं वाटेल आणि पुन्हा आजच्याच जागी याल.

मग त्याला विचारा: गोळी घेतल्यावर किती वेळाने बरं वाटतं, किती तास टिकतं, आणि त्या तासांत काय काम होतं? "गोयी लिधी का बरं वाटस" एवढ्यावर थांबू नका. बरं वाटणं आणि काम होणं वेगळं. गेल्या आठवड्यात दुखणं सरासरी किती, त्याने जगण्यातली मजा किती घालवली, रोजच्या कामात किती आडकाठी आली, या तीन प्रश्नांना शून्य ते दहा गुण द्यायला सांगा आणि सरासरी काढून केसपेपरवर लिहा. याला पेग स्केल म्हणतात, दोन मिनिटांत होतं. सोबत एक ठोस काम ठरवा: न थांबता शेताच्या बांधापर्यंत जाणं, मांडी घालून जेवायला बसणं, बसून केळीची पिलं (बुंध्याजवळचे कोंब) कापणं. औषधाने सरासरी गुण निदान ३० टक्क्यांनी उतरले आणि ठरवलेलं काम जमू लागलं, तरच औषध लागू पडलं म्हणायचं.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. पहाटे चारला अंग मोडून येतं, जांभया येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पाय तडफडतात आणि गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात सगळं शांत होतं, असं तो म्हणाला, तर ते कंबरेचं दुखणं नाही. आदल्या रात्रीची मात्रा उतरल्यावर शरीर गोळी मागतंय. आणि दुखणं कंबरेतून पाठभर, मांड्यांत, सगळीकडे पसरत असेल, त्याची नेमकी जागाच सांगता येत नसेल, तर ओपिऑइडमुळेच वेदनेची संवेदना वाढल्याची शंका घ्या. दोन्ही ठिकाणी मात्रा वाढवणं उलट अंगावर येतं.

मुळात कंबरदुखी आणि गुडघेदुखीत ही औषधं दीर्घकाळ किती उपयोगी? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २४० रुग्णांवर वर्षभर झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जुनी कंबरदुखी आणि गुडघा-खुब्याची झीज असलेल्यांत ओपिऑइड गटाची हालचाल बाकी औषधांच्या गटापेक्षा सुधारली नाही आणि दुखण्याचे गुण उलट किंचित जास्तच राहिले. दुष्परिणामही त्यांनाच अधिक झाले. म्हणजे ओपिऑइड कोणाला द्यायचंच नाही असं नव्हे. ते शेवटच्या तारखेसह द्यायचं, एवढाच अर्थ मी घेतो.

आता पॅचचं गणित. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१६ च्या हिशेबाने ट्रॅमाडॉलची मात्रा मॉर्फिनच्या मात्रेत मोजण्याचा गुणक ०.१ होता, २०२२ मध्ये त्यांनी तो ०.२ केला. म्हणजे तुमच्या रुग्णाचे २२५ मिग्रॅ तोंडाने घेतलेल्या साधारण २२ ते ४५ मिग्रॅ मॉर्फिनइतके. (हे गुणक धोका मोजायला आहेत, एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मात्रा ठरवायला नाहीत.) तासाला २५ मायक्रोग्रॅमचा फेंटॅनिल पॅच दिवसाला ६० मिग्रॅ मॉर्फिनच्या बरोबरीचा धरतात, आणि निदान आठवडाभर तेवढं ओपिऑइड रोज पचवणाऱ्यालाच तो लावायचा असतो. तुमच्या रुग्णाला तो लावणं म्हणजे एका रात्रीत मात्रा सव्वापटीहून जास्त ते जवळजवळ तिप्पट करणं. त्यात पॅच लावल्यावर रक्तातलं प्रमाण चढायला १२ ते २४ तास लागतात. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, म्हणून माणूस जुन्या गोळ्या वरून खातो आणि दुसऱ्या रात्री दोन्ही एकत्र चढतात. पॅच काढला तरी कातडीखालच्या साठ्यातून औषध पुढचे कित्येक तास येत राहतं.

खानदेशात याहून मोठी अडचण आहे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अंगाचं तापमान ४० अंशांवर गेलं, तर फेंटॅनिलचं रक्तातलं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने वाढू शकतं. पत्र्याच्या घरात झोपणारा, उन्हात राबणारा आणि कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावणारा माणूस पॅचसाठी सोयीचा नाही. घामाने पॅच सुटतोही, आणि सुटलेला पॅच घरातल्या लेकराच्या हाती लागला तर जीव जाऊ शकतो, कारण वापरून झालेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं.

टॅपेंटाडॉलने मळमळ आणि बद्धकोष्ठ थोडं कमी होतं, पण गुंगी, सवय आणि श्वास मंदावणं तेच. नुसतं नाव बदलून तुमच्या रुग्णाचा प्रश्न सुटत नाही.

माझ्या मते या केसमधला सगळ्यात मोठा धोका ट्रॅमाडॉलपेक्षा तिच्या सोबत्यांचा आहे. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा, टेबलावर ओता. चिठ्ठीत नसलेलं बरंच त्यातून निघतं.

पहिला सोबती अल्प्राझोलॅम. ती आणि ओपिऑइड दोन्ही मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला गुंगवतात. मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणून जिची नशा करतात ती हीच, त्यामुळे घरात कोणी तरुण असेल तर पट्टी कोणाच्या ताब्यात असते तेही विचारा. दुसरा सोबती प्रेगाबॅलिन. 'नसांची गोळी' म्हणून मिथिलकोबालामिनसोबत ती सर्रास दिली जाते आणि रुग्ण तिला व्हिटॅमिन समजतो. ओपिऑइडबरोबर, विशेषतः म्हाताऱ्या किंवा दमेकरी माणसात, तिने श्वास मंदावू शकतो. तिसरी दारू. 'घेता का?' विचारलं तर 'नाही' येतं. 'बाजाराच्या दिवशी किती होते? मोहाची की देशी?' असं सहज विचारलं तर खरं उत्तर येतं. रोज पिणाऱ्याला ट्रॅमाडॉल नकोच. गुंगीचा धोका आहेच, शिवाय ट्रॅमाडॉल झटके (फिट) येण्याची शक्यता वाढवते, आणि दारू अचानक सुटली तर ती शक्यता आणखी वाढते.

चौथा सोबती मनाची किंवा नसांची औषधं: ड्युलॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन. ट्रॅमाडॉल सेरोटोनिनही वाढवते, त्यामुळे थरथर, घाम, अस्वस्थता, जुलाब असं चित्र उभं राहू शकतं. शंका आली तर पाऊल झटक्यात वर दाबून क्लोनस (पाऊल आपोआप लयीत थरथरणं) बघा. वर फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन यकृतातलं सीवायपी२डी६ हे विकर (एन्झाइम) अडवतात. ट्रॅमाडॉलचं वेदनाशामक रूप तिथेच तयार होतं. म्हणजे आराम कमी, दुष्परिणाम जास्त, आणि रुग्ण म्हणतो गोळी वाढवा.

पाचवा सोबती डायक्लोफेनॅक, आणि उन्हाळ्यात मी सगळ्यात जास्त घाबरतो तो यालाच. उन्हात घाम गेलेला, पाणी कमी प्यालेला, त्यात रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी, वर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन. किडनी बसायला एवढं पुरतं. ती बसली की ट्रॅमाडॉलचे घटक साचतात आणि महिनोन्महिने चाललेली मात्राच गुंगी आणते. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) मिनिटाला ३० मिलीच्या खाली असेल तर साधं ट्रॅमाडॉल १२ तासांच्या अंतराने द्यायचं, दिवसाला कमाल २०० मिग्रॅ. मॉर्फिन तर अशा किडनीत टाळलेलंच बरं. एप्रिल ते जून या काळात मात्रेला हात लावण्याआधी क्रिएटिनिन करा.

आणि गावोगावच्या पुड्या. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक सापडतात. कामिनी विद्रावण रसासारख्या औषधात अफू असते. 'ताकदीची गोळी' म्हणून रुग्ण ती औषधांत मोजतच नाही.

मात्रा ठरवण्याआधी निदान पुन्हा तपासा, कारण चाललेली वेदनाशामकं आजार झाकतात. ५४ वर्षांचा माणूस, जुनी कंबरदुखी, वर्षभर गोळ्या: हिमोग्लोबिन, ईएसआर (अंगातला दाह दाखवणारी रक्तचाचणी), क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि कंबरेचा एक्स-रे एवढं तरी करा. फिकटपणा, वाढलेला ईएसआर आणि बिघडलेली किडनी एकत्र दिसली तर मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेचा कर्करोग) शोधा. संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन, मणक्यावर एकाच जागी ठोकलं की कळ, असं असेल तर मणक्याचा क्षयरोग. लघवी अडणं, बसण्याच्या जागेची बधिरता, पाऊल उचलता न येणं दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात, चिठ्ठीचा विचार नंतर. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडचा किंवा चोपडा-यावलच्या सातपुडा पट्ट्यातला तरुण आदिवासी रुग्ण वारंवार हाडं दुखतात म्हणत असेल, तर 'जुनं दुखणं' असा शिक्का मारण्याआधी सिकलसेलची तपासणी करा. आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी ही पक्की चाचणी. खुबा दुखत असेल तर खुब्याचं हाड रक्ताअभावी मरतंय का, ते बघा. सिकलसेलच्या तीव्र दुखण्यात ओपिऑइड वेळेत आणि पुरेसं द्यायचं असतं, तिथे हात आखडू नका. कर्करोगाच्या वेदनेचंही तसंच. हे सगळं उत्तर त्या रुग्णांना लागू नाही.

आता उतरवण्याचं. वर्षभर चाललेल्या ओपिऑइडसाठी महिन्याला साधारण १० टक्के हा सोसवणारा वेग. सहा गोळ्यांत एक गोळी म्हणजे १७ टक्के, पहिली पायरी म्हणून जड. अर्धी गोळी म्हणजे ८ टक्के, ती जमते. साधी गोळी मोडता येते, एसआर (हळूहळू औषध सोडणारी) गोळी कधीही मोडू नका, दिवसभराची मात्रा एकदम सुटते. सकाळी २, दुपारी २, रात्री २ असेल तर आधी दुपारची अर्धी कमी करा. सकाळची काम सुरू करायला लागते आणि रात्रीची झोपेला, त्यामुळे त्यांना सुरुवातीला हात लावला की रुग्ण बिथरतो. चार आठवडे थांबा, पुन्हा अर्धी. नीट सोसलं तर पंधरा दिवसांवर आणा. शेवटच्या दोन गोळ्यांपाशी वेग पुन्हा कमी करा, कारण तिथे अर्धी गोळी म्हणजे २५ टक्के. मध्ये लग्नसराई किंवा केळी काढणीचा हंगाम आला तर त्याच मात्रेवर थांबा, पण मागे जाऊ नका. सहा महिने ते वर्ष लागेल, हे पहिल्याच दिवशी सांगा.

ट्रॅमाडॉल उतरताना नेहमीच्या जांभया, जुलाब, काटा येणं यांखेरीज काहींना विजेसारखे झटके जाणवणं, खूप भीती वाटणं, क्वचित भास होणं असं होतं, कारण तिचा अर्धा गुण नैराश्याच्या औषधासारखा आहे. हे आधी सांगितलं नाही तर घरचे त्याला 'बाहेरचं' समजतात.

अल्प्राझोलॅम त्याच वेळी उतरवू नका, आणि अचानक बंद तर अजिबात नको. ती एकदम सुटली की झटके येतात, आणि ट्रॅमाडॉल तोच उंबरठा आधीच खाली आणून ठेवते. दोन्ही पाकिटं हिसकावून घेणारा डॉक्टर रुग्णाला सगळ्यात धोक्याच्या जागी आणून सोडतो. ट्रॅमाडॉल दोन-तीन पायऱ्या खाली आली की अल्प्राझोलॅम ०.१२५ मिग्रॅने, म्हणजे ०.२५ च्या अर्ध्या गोळीने, दोन ते चार आठवड्यांनी कमी करत जा. एका महिन्यात एकाच औषधाला हात लावा. तोपर्यंत दोन्हींच्या रात्रीच्या मात्रांत निदान काही तासांचं अंतर ठेवायला सांगा. त्याने धोका जात नाही, पण दोन्हींची गुंगी एकदम चढत नाही.

गोळी काढून घेताना हातात दुसरं काही द्यावं लागतं. पायात नसेचं दुखणं असेल तर ॲमिट्रिप्टिलिन रात्री १० मिग्रॅ, पण ईसीजी बघून आणि ट्रॅमाडॉल बरीच खाली आल्यावर. कंबरेचे व्यायाम कागदावर नको, दवाखान्यात करून दाखवा, रोज दहा मिनिटं, सहा आठवडे. मजुराला 'विश्रांती घ्या' सांगण्यात अर्थ नाही. घड खांद्यावर वाहण्याऐवजी त्याला पॅकिंगचं किंवा ठिबक बघण्याचं काम मिळेल का, हे मुकादमाशी बोलायला घरच्यांना सुचवा. कित्येकदा हाच उपाय गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नव्या रुग्णात ओपिऑइड सुरू करायचंच झालं, तर बाकी उपाय नीट करून झाल्यावर, चार आठवड्यांची चाचणी म्हणून करा. ट्रॅमाडॉल ५० मिग्रॅ दिवसातून दोनदा पुरतं, वयस्करांना २५. पहिल्या चिठ्ठीवरच 'चार आठवड्यांनी गुण ३० टक्के उतरले नाहीत तर बंद' असं लिहा आणि रुग्णाला वाचून दाखवा. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून: बिसाकोडिल ५ ते १० मिग्रॅ रात्री, किंवा लॅक्टुलोज १५ ते ३० मिली. इसबगोल एकटं देऊ नका. ओपिऑइडने आतडं सुस्त झालेलं असतं, त्यात पाणी कमी, आणि भुशाचा गोळा आत बसून राहतो. गुंगीची सवय होते, बद्धकोष्ठाची होत नाही. पहिला आठवडा मोटारसायकल आणि ट्रॅक्टर बंद.

चिठ्ठीबद्दल. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली आहे आणि शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधांच्या यादीतही, म्हणून केमिस्टला वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षं जपावी लागते. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, ताकद, एकूण गोळ्या अंकी आणि अक्षरी (८४, चौऱ्याऐंशी), तारीख आणि तुमचा नोंदणी क्रमांक असू द्या. '१५ दिवस' किंवा 'एक महिना' लिहू नका, १४ किंवा २८ दिवस लिहा. मग औषध नेहमी एकाच वाराला संपतं आणि तो वार त्याच्या बाजाराचा असेल तर खेप वाया जात नाही. 'हरवल्या' म्हणून लवकर मागायला आला तर हिशेब लगेच दिसतो. कोणत्या रुग्णाने कुठून किती घेतलं हे एका जागी दाखवणारी यंत्रणा आपल्याकडे नाही, त्यामुळे एकच डॉक्टर, एकच केमिस्ट आणि मोजलेल्या पट्ट्या हीच तुमची यंत्रणा. लघवीच्या नेहमीच्या ओपिएट स्ट्रिपवर विसंबू नका. ती मॉर्फिन, कोडीन ओळखते, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा फेंटॅनिल नाही. निगेटिव्ह आली म्हणून 'गोळ्या विकतोय' असा आरोप करणं अन्यायाचं होईल.

दवाखान्यात नॅलोक्सोन (ओपिऑइडवरचा उतारा) ०.४ मिग्रॅची दोन-तीन ॲम्प्यूल आणि अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) ठेवा. श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला तर आधी बॅगने श्वास द्या. मग एक ॲम्प्यूल सलाइनमध्ये १० मिली करून, दर दोन-तीन मिनिटांनी १ मिली शिरेतून द्या. श्वास सुधारला की थांबा, पूर्ण जागं करण्याच्या नादी लागू नका. ट्रॅमाडॉलवर नॅलोक्सोन अर्धवटच चालतं आणि क्वचित झटके येतात. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, ट्रॅमाडॉल त्याहून जास्त टिकते, म्हणून उठून बसलेला रुग्ण घरी पाठवू नका, रुग्णवाहिकेने पुढे पाठवा. अल्प्राझोलॅमची गुंगी नॅलोक्सोनने उतरत नाही.

राहिला प्रश्न, तो ऐकलाच नाही तर? मात्रा कमी करायला नकार, दोन-तीन डॉक्टरांकडून गोळ्या, कामापेक्षा गोळीची ओढ मोठी, असं दिसलं तर तो 'नाटकं करणारा' रुग्ण नाही, त्याला अवलंबित्वाचा आजार झालाय आणि त्यावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार आहेत. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाला दोन ओळींची चिठ्ठी द्या, घरच्यांना व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ सांगा. आणि तिथे नंबर लागेपर्यंत तुमच्याकडून आजचीच मात्रा चालू ठेवा, पण सात-सात दिवसांनी. एकदम बंद केलं तर तो दुसऱ्या दुकानातून घेईल. मध्ये दोन-तीन आठवडे सुटली आणि मग जुन्या सहा गोळ्या अल्प्राझोलॅमसकट एकदम घेतल्या, तर शरीराची सहनशक्ती तोवर उतरलेली असते आणि श्वास बंद पडू शकतो. ही शेवटची गोष्ट त्याच्या बायकोला त्याच्यासमोर सांगा, कारण पट्टी बहुतेक तिच्याच हातात असते.